टूमींच्या घराचा वरचा मजला

१

जहाज आलेलं असलं की सकाळी खिडकीचा पडदा सरकवल्यावर मला समुद्र दिसत नाही, जहाजच दिसतं. आमच्या कोव्ह गावातली घरं डोंगराच्या उतारावर एकीवर एक रचल्यासारखी आहेत, आणि खाली धक्क्याला लागलेलं जहाज त्या सगळ्यांपेक्षा उंच. चहा घेता घेता मी समोरच्या गॅलरीत पायजम्यात उभ्या असलेल्या एखाद्या माणसाला हात करते. तोही करतो. नाश्ता उरकून मी धक्क्यावर जाते तेव्हा तोच माणूस, आता कपडे करून, माझ्या बसच्या रांगेत उभा असतो.

मी फिनोला हेगार्टी. शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर जहाजावरच्या पाहुण्यांना आमचा परिसर दाखवायला लागले. धडधाकट मंडळी लांबच्या किल्ल्यांवर जातात. माझ्या वाट्याला येतात ते गुडघे दुखणारे, हळू चालणारे, ज्यांना कॅथेड्रलच्या घंटा ऐकून झाल्या की कुठेतरी टेकायचं असतं. त्यांना मी टूमींच्या घरी चहाला नेते. बस मॉस कॉटर चालवतो. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि अजूनही माझी वेणी ओढत असल्यासारखाच बोलतो.

"आज कुठली पलटण?" त्याने जूनमधल्या त्या सकाळी विचारलं.

"जर्मन. थोडे इंग्रज."

"म्हणजे निम्मी बस घड्याळ बघणार आणि निम्मी आभाळ. तू काय बघणार?"

"तू रस्ता बघ म्हणजे झालं."

टूमींचं घर, आमचं गाव ज्या बेटावर आहे त्याच्या पूर्व टोकाला, पाण्याच्या अगदी काठाशी आहे. अमेरिकेला निघालेली माणसं पूर्वी तिथे उतरायची. हवा सुधारेपर्यंत, जहाज येईपर्यंत राहायची, आणि मग खालच्या छोट्या धक्क्यावरून होडीत बसून खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जहाजाकडे जायची. आता तिथे फिलोमिना टूमी एकटी राहते आणि खालच्या दिवाणखान्यात चहा, लोणी आणि गरम पाव देते. वरचा मजला बंद. फळ्या कुजल्यात म्हणून तिने जिन्याला आडवा दोर बांधलाय. पण शौचालय जिन्याच्या वळणावर असल्यामुळे पाहुण्यांना अर्धा जिना चढावाच लागतो.

परतताना एक उंच जर्मन गृहस्थ माझ्याजवळ वाकून म्हणाले, "वरच्या बाई नाटक फार छान करतात."

"कुठल्या वरच्या बाई?"

"पलंगांवर चादरी घालत होत्या त्या. दोरापलीकडून मला विचारलं, जहाजात जागा आहे का? मी म्हटलं, नाही हो, खचाखच भरलंय. काय चेहरा केला त्यांनी! अगदी खरा वाटला."

मला वाटलं, फिलोने कुणा मुलीला जुने कपडे घालून उभं केलं असेल. हल्ली सगळीकडेच असले प्रकार चालतात. संध्याकाळी फोन केला तर ती खेकसली, "वर? वर मांजर गेलं तरी खाली पडेल. तुझ्या जर्मनाला सांग, चहाच प्यायचा असतो आमच्याकडे."

२

तेवढ्यावर ते संपलं असतं. पण पुढच्या जहाजातल्या एका ब्राझिलियन बाईंनी तेच सांगितलं, हसत हसत. त्याच्या पुढच्या जहाजातल्या एक म्हाताऱ्या जपानी बाई मात्र हसल्या नाहीत. त्या नातीबरोबर आल्या होत्या. बसमध्ये त्या नातीच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होत्या.

नात म्हणाली, "आजीला वाईट वाटतंय. वरच्या बाईंना तिने नाही म्हटलं. तिचं म्हणणं, जरा गोड शब्दांत सांगायला हवं होतं."

"आजींना इंग्रजी येतं?"

"छे! एक शब्द नाही."

"मग त्यांना प्रश्न कळला कसा?"

नातीने आजीला विचारलं. आजीने माझ्याकडे बघून सावकाश उत्तर दिलं. नात जरा गोंधळली.

"ती म्हणते, जपानीतच विचारला. पण जुनं जपानी. तिच्या आजीच्या तोंडचं."

मी मान हलवली आणि खिडकीबाहेरच्या दीपगृहाची माहिती सांगायला लागले. काय सांगितलं ते मला आठवत नाही. मॉस मला आरशातून बघत होता.

सगळे उतरल्यावर तो म्हणाला, "फिलो टूमी जपानी शिकली की काय?"

"म्हाताऱ्या माणसांना भास होतात."

"मग तू का पांढरी पडलीस?"

मी मनाशी कारणं मांडली. जहाजावर पाहुणे एकमेकांशी गप्पा मारतात, एकाची गोष्ट दुसऱ्याची होते. पण ती तिन्ही जहाजं वेगवेगळी होती, आणि ती माणसं एकमेकांना कधी भेटणार नव्हती. हेही मी मनाशी मांडलं. त्यापुढे माझ्याकडे कारण नव्हतं.

३

म्हणून मीच वर गेले. दुपार होती. खाली पाहुण्यांच्या कपबश्या वाजत होत्या आणि फिलो कुणालातरी बजावत होती की आधी लोणी आणि मगच मुरंबा. मी शौचालयाच्या दारापुढून गेले, दोर ओलांडला आणि बिचकत पहिल्या फळीवर पाय ठेवला. फळी भक्कम होती. सगळ्याच भक्कम होत्या.

वर घराच्या लांबीची एकच खोली होती. दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, त्यांच्यावर गाद्या नाहीत, नुसत्या गंजलेल्या जाळ्या. जमिनीवर धुळीचा मऊ थर. खिडकीशी मात्र एक खाट होती तिच्यावर पांढरी चादर घातलेली, इतकी ताणून की एक सुरकुती नव्हती. त्या खाटेभोवती धूळ नव्हती. खिडकीतून थेट खाडीचं तोंड दिसत होतं.

बघण्यासारखं आणखी काही नव्हतं. मी उगाचच "कोण आहे?" असं म्हटलं, वर्गात म्हणायचे तसं दरडावून, आणि स्वतःच्याच आवाजाची लाज वाटून खाली निघाले.

वळणावर पोचले तेव्हा मागे वर चादर झटकल्याचा आवाज आला. फट्कन, एकदाच. मग कापड खाली बसत जातं तेव्हाचा लांब निःश्वास.

कठड्यावर हात ठेवून मी उभी राहिले. खाडीत शिडाच्या होड्या असतात, म्हटलं. शीड असं वाजतं. वाऱ्याने वाजतं. पण वारा कुठून कुठे वाहतोय हे मला न बघता कळतं, आयुष्यभर तेच शिकवलंय. त्या दुपारी वारा अजिबात नव्हता.

मी पुन्हा वर गेले नाही. दिवाणखान्यात येऊन बसले. फिलोने माझ्यासमोर कप ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता दोन चमचे साखर घातली.

४

ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला जाणारं एक मोठं जहाज आलं. त्यात ओक्सबाई होत्या. विनिफ्रेड ओक्स, इंग्लंडातल्या शेफील्डच्या, ऐंशीच्या पुढच्या. हातात काठी, डोक्यावर जांभळी टोपी. बसमध्ये त्या माझ्या शेजारी पुढे बसल्या आणि मॉसच्या प्रत्येक वळणाला शेरे मारायला लागल्या.

"अहो, तुम्ही गाडी चालवताय की शेतात नांगर?"

"बाई, हा रस्ता गाईंनी आखलाय. मी नुसता त्यांच्या मागे चाललोय," मॉस म्हणाला. त्याला त्या फार आवडल्या.

कॅथेड्रलमध्ये बाकावर बसल्यावर त्यांनी मला सांगितलं की ही सफर नवऱ्याने ठरवली होती. हॅरल्ड हिवाळ्यात गेला.

"मुलगा म्हणाला, रद्द कर. मी म्हटलं, का म्हणून? दोघांची खोली घेतलीय, त्याने हौसेने निवडलेली. आता त्याच्या बाजूला मी माझ्या टोप्या ठेवते. रात्री मात्र, मुली, टोप्या घोरत नाहीत."

टूमींकडे त्या जिना चढायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "मी येते बरोबर."

"शौचालयाला? एवढी काही मी म्हातारी झाले नाही." आणि त्या काठी टेकत गेल्या.

मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. वरून बोलणं ऐकू आलं. एकच आवाज, ओक्सबाईंचा, मधेमधे थांबणारा, फोनवरच्या बोलण्यासारखा. शब्द कळले नाहीत. त्या खाली आल्या तेव्हा प्रसन्न होत्या.

"गोड मुलगी आहे. किती लाजरी!"

मी त्यांना जिन्यापासून बाजूला घेतलं. "तिने काही विचारलं?"

"जहाजात जागा आहे का म्हणाली. मी म्हटलं, आहे की. माझ्या खोलीत हॅरल्डची बाजू रिकामीच आहे. ये खुशाल."

५

बस धक्क्याच्या निम्म्या वाटेवर आल्यावर मी मॉसला म्हटलं, "सगळ्यांना सोडलंस की मला आणि ओक्सबाईंना परत टूमींकडे ने."

"काय विसरलीस?"

"काही नाही विसरले. ने म्हटलं ना."

जहाज सुटायला अवकाश होता. रिकाम्या बसमध्ये मी ओक्सबाईंना सगळं सांगितलं. जर्मन गृहस्थ, जपानी आजी, चादर. सांगताना माझं मलाच हसू येत होतं.

"तुम्ही वर जाऊन फक्त नाही म्हणा," मी म्हटलं. "चूक झाली, जागा नाही, असं सांगा. एवढंच."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे ती नोकरीवर नव्हती तिथे?"

"नव्हती."

"आणि सगळ्यांनी तिला नाही म्हटलं? इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं की काय, ते मला माहीत नाही."

"मी नाही म्हणणार नाही हं," त्या म्हणाल्या. "एकदा ये म्हटलंय. पण तुझ्या मनासाठी येते वर."

फिलोने आम्हाला बघून भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. मी ओक्सबाईंना हाताला धरून दोरापलीकडे नेलं. मॉस आमच्या मागे, टोपी काढून हातात धरलेली. ती त्याने का काढली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

खिडकीशी असलेल्या खाटेवर चादर नव्हती. गंजलेली जाळी तेवढी उरली होती. चादर नीट घडी करून पायथ्याशी ठेवली होती, निघताना घर आवरून जाणारी माणसं ठेवतात तशी.

"गेली वाटतं," ओक्सबाई हळूच म्हणाल्या.

मॉसने पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. "कुठे?" त्याने विचारलं.



६

धक्क्यावर बँड वाजत होता. जहाज निघताना आमच्याकडे वाजवतात. ओक्सबाईंनी माझा गालगुच्चा घेतला, मॉसला "गाईंना नमस्कार सांगा" म्हणाल्या आणि जहाजाच्या पायऱ्यांकडे वळल्या. मी कठड्याशी उभी राहून त्यांना बघत होते.

वर दाराशी पहाऱ्यावरचा तरुण होता. दिवसभर हजारो माणसांना आत घेऊन थकलेला, तरी हसतमुख. त्याने ओक्सबाईंचं कार्ड यंत्राला लावलं, आडवी दांडी उचलली. त्या आत गेल्या. त्याने दांडी खाली सोडली नाही. ती तशीच उचलून धरून तो किंचित बाजूला झाला, मान लववली, हसला आणि मग सोडली.

त्यानंतर तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मागच्या माणसाने खाकरल्यावर भानावर आला.

"बघितलंस?" मी मॉसला विचारलं.

"नाही," मॉस म्हणाला. फार पटकन म्हणाला.

७

सप्टेंबरच्या सुरुवातीला ओक्सबाईंचा फोन आला. मी माझा नंबर त्यांना दिला होता आणि तेव्हापासून फोनकडे बघत होते.

"पहिल्या रात्री मी दिवा चालू ठेवला," त्या म्हणाल्या. "घाबरले होते ना. दिसत काही नव्हतं. पण पलंग त्या बाजूने दबलेला. मग उजाडायच्या आधी माझ्या लक्षात आलं की पलंग थरथरतोय. बोट हलते तसा नाही. मुली, ती माझ्याहून जास्त घाबरलेली होती."

"मग?"

"मग काय! मी बोलत राहिले. हॅरल्डबद्दल, शेफील्डबद्दल, वाट्टेल ते. रोज विचारायची, लांब आहे का अजून. मी म्हणायचे, आलंच."

"आणि न्यूयॉर्कला?"

"उतरली. मला कळलं ते. माझ्याजवळून निघून गेली आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी वेड्यासारखी तिथे उभी. तिचं नावही विचारलं नव्हतं, नाहीतर हाक मारली असती."

मी फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटत होतं. संपलं, असं वाटलं. त्या उन्हाळ्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिलो स्वतः बसने गावात आली. ती कधी येत नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि कोट काढला नाही.

"फळ्या कुजलेल्या नाहीत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"आईनेही दोर बांधलेलाच ठेवला होता. मला लहानपणापासून तो आवाज माहीत आहे. एकटीचा आवाज होता गं. सवय झाली होती. पण आता..." तिने कप फिरवला. "आता वर वर्दळ आहे, फिनोला. दिवसाढवळ्या. पेट्या सरकवतात. लहान पावलं इकडून तिकडे पळतात, मग कुणीतरी दटावतं. मला वाटतं, त्यांना समजलंय."

"काय समजलंय?"

"की एकजण गेली."

८

हंगामाचं शेवटचं जहाज सप्टेंबरअखेर आलं, तेही अमेरिकेला निघालेलं. मी टूमींकडे जाणं टाळणार होते. पण फिलोच म्हणाली, आण. मला एकटीला ठेवू नकोस.

त्या दिवशी थोडेच पाहुणे होते, सगळे पुढच्या बाकांवर बसलेले. चहा छान झाला. जिन्यावर जाऊन आलेल्या प्रत्येकाचा चेहरा मी निरखून बघत होते. कुणी काही बोललं नाही. शेवटी मीच एका कॅनडाच्या बाईंना विचारलं, वर काही दिसलं का?

"नाही हो. काय असतं?"

कुणाला काही विचारलं गेलं नव्हतं. निघताना फिलो दारात उभी होती. सगळे बसमध्ये चढल्यावरही ती दार लोटेना. दोन्ही कवाडं उघडी धरून, पाठ भिंतीला टेकवून, वाट मोकळी सोडून ती उभी राहिली. तेव्हा मला कळलं की आता वरची मंडळी विचारणारच नव्हती.

चढणीवर गाडी कण्हायला लागली.

"काय खाल्लंय या लोकांनी?" मॉस पुटपुटला. त्याने आणखी खालचा गियर टाकला. "भरलेली असतानासुद्धा इतकी जड होत नाही ही."

मी मागे वळून पाहिलं. मागची आसनं रिकामी होती. बाहेर ऊन होतं, पुढच्या काचा स्वच्छ होत्या. पण मागच्या सगळ्या काचा, ओळीने, आतून धुरकटल्या होत्या. दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या श्वासाने धुरकटतात तशा. एका काचेवर खालच्या कोपऱ्यात कुणीतरी बोटाने रेघ ओढत होतं.

मॉसनेही आरशात पाहिलं. बाकी रस्ताभर तो गाडी अशी चालवत होता की जणू मागे झोपलेली तान्ही मुलं होती.

धक्क्यावर पाहुणे पुढच्या दाराने उतरून गेले. मी खाली उतरले आणि बसचं मागचं दार उघडलं. काय करतेय याचा विचार केला नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी रोज धरते तसा हात पुढे धरला.

"सावकाश," मी म्हटलं. "पायरी उंच आहे."

हातावर भार आला. गार, हलका भार, आणि गेला. मग दुसरा, खरबरीत. मग एक फार लहान. बस प्रत्येक वेळी केसभर वर उचलली जात होती. मी समोर बघत नव्हते, बसच्या चाकाकडे बघत होते. जहाजाच्या दाराशी पहाऱ्यावरच्या माणसाने दांडी उचलली होती आणि ती तो खाली घेत नव्हता.

बऱ्याच वेळाने हात रिकामा राहिला. मी आत चढून पाहिलं. काचा स्वच्छ होत होत्या, एकेक करून. अगदी मागची, डोंगराच्या बाजूची, तेवढी राहिली. तिच्यावर वाफेचा गोल येत होता आणि जात होता. त्या गोलाच्या मधोमध थोडी काच पुसलेली होती. तिथून जहाज दिसत नाही. तिथून घरं दिसतात.

मी परत येऊन मॉसच्या शेजारी बसले. जहाजाचा भोंगा झाला.

"उतरले?" मॉसने विचारलं. त्याने मागे बघितलं नाही.

"एकीला जायचं नाहीये."

मॉसने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. गालावरून हात फिरवला. मग गाडी चालू केली आणि चढणीला लावली. माझ्या घराच्या वळणाशी सवयीने थांबला. मी उठले नाही.

"मग कुठे?" तो म्हणाला.

"पुढे घे," मी म्हटलं. "तिच्या ओळखीचा रस्ता आला की ती सांगेल."

आम्ही वाट बघत, अगदी हळू, बेटाच्या आतल्या बाजूला निघालो.